दुसऱ्या राज्यात घर आहे, प्रॉपर्टी टॅक्सही भरतो, मग मुलांना तिथे इन-स्टेट फी का नाही?

अमेरिकेत न्यू जर्सी, इलिनॉय, कॅलिफोर्निया अशा ठिकाणी पंधरा-वीस वर्षं राहिलेल्या बऱ्याच मराठी कुटुंबांनी आता दुसरं घर घेतलंय, कुणाचा टॅम्पाजवळ कॉन्डो आहे, कुणी ऑस्टिनला घर घेऊन भाड्याने दिलंय, कुणाचं मिशिगनमध्ये तळ्याकाठी छोटं घर आहे. आणि मुलगा किंवा मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या दोन वर्षांत आली की घरात हा प्रश्न निघतोच, की अरे आपण त्या राज्यात दरवर्षी एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो, मग तिथल्या स्टेट युनिव्हर्सिटीत आपल्या पोराला इन-स्टेट फी, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांना लागते ती कमी फी, का मिळू नये?

सरळ उत्तर आधी देते. नुसतं घर नावावर आहे आणि त्याचा टॅक्स वेळेवर जातो, एवढ्या जोरावर चार वर्षांच्या स्टेट युनिव्हर्सिटीत इन-स्टेट फी जवळपास कुठेच मिळत नाही. आणि हे आधीच माहीत असणं फार गरजेचं आहे, कारण काही जण याच हिशोबाने घर घेतात, घर विकणारे एजंटही बोलता बोलता "मुलांच्या कॉलेजलाही उपयोग होईल" असं सोडून देतात, आणि मग ॲडमिशन झाल्यावर बिल बघून घरात रडारड होते.

पैसे किती, ते आधी बघा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या कॅम्पसवर बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीच्या वर जी जादा फी लागते ती २०२५ च्या फॉलमध्ये नव्याने आलेल्यांसाठी वर्षाला ३७,६०२ डॉलर झाली, म्हणजे चार वर्षांचा नुसता फरकच दीड लाख डॉलरच्या वर. युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनला ॲन आर्बरमध्ये २०२४-२५ मध्ये राज्यातल्या मुलांना वर्षाला साधारण १७-१८ हजार लागत होते, बाहेरच्यांना ६० हजारांच्या आसपास. गेन्सव्हिलला युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडात त्याच वर्षी इन-स्टेट साधारण ६,४०० डॉलर होती आणि बाहेरच्यांना २८ हजारांच्या वर. एवढा फरक असल्यावर कोणताही आई-बाप सगळे रस्ते शोधणारच, त्यात चूक काही नाही, फक्त रस्ता खरा आहे की नाही ते आधी कळलं पाहिजे.

आता टॅक्सचं बघू, कारण मनात खरी टोचणी तीच असते की आम्ही पैसे भरतो ना. अमेरिकेत प्रॉपर्टी टॅक्स बहुतेक करून स्थानिक असतो. तो जातो काउंटीकडे, गावाकडे, फायर डिपार्टमेंटकडे, आणि सगळ्यात मोठा वाटा असतो तिथल्या बारावीपर्यंतच्या सरकारी शाळांचा. स्टेट युनिव्हर्सिटीला राज्याकडून जे पैसे मिळतात ते राज्याच्या तिजोरीतून येतात, आणि ती तिजोरी भरते प्रामुख्याने इन्कम टॅक्स आणि सेल्स टॅक्सवर. म्हणजे तुमच्या कॉन्डोचा टॅक्स त्या युनिव्हर्सिटीपर्यंत बहुतेक पोचतच नाही.

यात मिशिगनचं उदाहरण समजून घेण्यासारखं आहे. १९९४ मध्ये तिथे प्रपोझल ए नावाचा बदल झाला, त्यानंतर ज्याचं ते मुख्य राहतं घर आहे त्याला शाळांच्या खर्चाच्या १८ मिलच्या टॅक्समधून सूट मिळते, आणि ज्याचं ते दुसरं घर आहे त्याला ती मिळत नाही. एक मिल म्हणजे टॅक्सेबल व्हॅल्यूच्या हजार डॉलरमागे एक डॉलर. घराची टॅक्सेबल व्हॅल्यू १,५०,००० डॉलर धरली तर सेकंड होमवाल्याला शेजाऱ्यापेक्षा वर्षाला २,७०० डॉलरपर्यंत जास्त भरावे लागतात, आणि त्याची मुलं तर त्या शाळेत जातही नसतात. व्हर्माँटमध्येही शाळांच्या टॅक्सला राहत्या घराचा दर वेगळा आणि बाकीच्यांचा वेगळा. त्यामुळे सेकंड होमवाल्यांना हे अन्यायाचं वाटतं ते मला पूर्ण पटतं, तिथे राहणाऱ्यांपेक्षा जास्त भरायचं आणि वर बाहेरचे म्हणवून घ्यायचं. पण हाच टॅक्स तुमच्याविरुद्धचा पुरावाही असतो हे लक्षात घ्या, कारण तो जास्त दर लागतोय याचाच अर्थ तुम्ही स्वतः सरकारला सांगितलंय की हे आमचं मुख्य घर नाही.

मग इन-स्टेट फी ठरते कशावर? डोमिसाइलवर, म्हणजे कायद्याने तुमचं कायमचं राहण्याचं ठिकाण कोणतं यावर. हे आपल्याला नवीन नाही. महाराष्ट्रात सातबाऱ्यावर नाव असलं किंवा पुण्यात फ्लॅट असला तरी त्यावर डोमिसाइल सर्टिफिकेट मिळत नाही, तिथे पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं, आणि सीईटीच्या ॲडमिशनला महाराष्ट्राच्या कोट्यात बसायचं तर दहावी-बारावी कुठून केली तेही बघतात. अमेरिकेत मुदत कमी आहे, बहुतेक राज्यांत १२ महिने, पण विचार तोच. दोन गोष्टी एकत्र लागतात, एक म्हणजे तुम्ही तिथे शरीराने खरंच राहत असणं, आणि दुसरं म्हणजे तिथेच राहायचा इरादा असणं, फक्त शिक्षणापुरतं नाही. घर कितीही असू शकतात, डोमिसाइल एका वेळी एकच असतं. आणि विद्यार्थी जर तुमच्यावर अवलंबून असेल, म्हणजे तुम्ही त्याला टॅक्स रिटर्नमध्ये डिपेंडंट दाखवता, तर त्याचं डोमिसाइल बहुतेक ठिकाणी आई-वडिलांचं जे असेल तेच धरतात.

यामुळे "मुलीला कॉलेजजवळ कॉन्डो घेऊन देऊ, ती तिथे राहील, वर्षभराने इन-स्टेट होईल" हा जो बेत खूप घरांत शिजतो तो फसतो. कॉन्डोत ती राहत असेल पण खर्च तुमचा, टॅक्सला डिपेंडंट तुमची, आणि ती त्या राज्यात आलीच मुळी शिकायला, त्यामुळे इरादा सिद्ध होत नाही. कॅलिफोर्नियात तर यूसीचा नियम असा की पालक तिथले रहिवासी नसतील तर साधारण २४ वर्षांखालच्या अविवाहित अंडरग्रॅड विद्यार्थ्याला ३६६ दिवस राहणं आणि इरादा याशिवाय आपण पैशाने पूर्ण स्वतंत्र आहोत हेही दाखवावं लागतं. अठरा-एकोणीस वर्षांचं कोणतं पोर हे दाखवू शकेल? त्यामुळे यूसीच्या कॅम्पसजवळ अर्व्हाइनला घेतलेलं घर गुंतवणूक म्हणून ठीक असेल, फीसाठी नाही. एकदा आउट-ऑफ-स्टेट म्हणून शिरलेल्या विद्यार्थ्याला नंतर बदलून घेणंही फार कठीण जातं, कारण सुरुवातीपासून तो शिक्षणासाठीच आला असं धरून चालतात आणि उलटं सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते.

पण मग घराचा काहीच उपयोग नाही का? आहे, जर तुम्ही खरंच तिथे राहायला गेलात तर. फ्लोरिडाचा कायदा बघा, तिथे टर्म सुरू व्हायच्या आधीचे सलग १२ महिने विद्यार्थी किंवा पालक राज्याचा रहिवासी असावा लागतो आणि निदान दोन कागद द्यावे लागतात. त्यात घराचा कागद चालतो, पण "मुख्य घर म्हणून स्वतः राहतोय" असं असेल तरच, किंवा होमस्टेड एक्झेम्प्शनचा, म्हणजे राहत्या घराला मिळणाऱ्या प्रॉपर्टी टॅक्सच्या सवलतीचा पुरावा चालतो. बाकी ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीचं रजिस्ट्रेशन, वर्षभराची पूर्ण वेळ नोकरी, तिथल्या हायस्कूलचे मार्कशीट हे आहेच. टेक्सासमध्येही १२ महिन्यांची मालकी हा पुरावा मान्य आहे, पण त्याच घरात तुमचं डोमिसाइल असलं पाहिजे अशी अट जोडलेली आहे, आणि तिथे वर्ष मोजतात ते सेन्सस डेटपासून, म्हणजे कॉलेज विद्यार्थ्यांची अधिकृत मोजणी करतं त्या दिवसापासून मागे, फॉलच्या टर्मला ती वर्गांच्या बाराव्या दिवशी येते. भाड्याने दिलेल्या ऑस्टिनच्या घरात तुम्ही राहूच शकत नाही, त्यामुळे तो कागद तिथेच बाद होतो.

इथे एक धोका आहे तो नीट सांगायला हवा. होमस्टेड एक्झेम्प्शनचा कागद इन-स्टेटला चालतो हे कळल्यावर काही लोक न राहता तो घेऊन टाकतात, आणि आपल्या मूळ राज्यातली राहत्या घराची सवलतही चालू ठेवतात. हे करू नका, अगदी कळकळीने सांगते. फ्लोरिडात चुकीची होमस्टेड सवलत सापडली तर मागच्या दहा वर्षांपर्यंतचा टॅक्स, त्यावर ५० टक्के दंड आणि वर्षाला १५ टक्के व्याज, एवढा बोजा त्या घरावर चढवता येतो, आणि दुसऱ्या राज्यात राहत्या घराची सवलत घेत असलेल्या कुटुंबाला ती फ्लोरिडात मिळतच नाही असं कायद्यात स्पष्ट आहे. शिवाय युनिव्हर्सिटीला खोटी माहिती दिल्याचं उघड झालं तर मागच्या टर्मच्या फीचा फरक वसूल करतात आणि कारवाई होते ती मुलाच्या नावावर. अठराव्या वर्षी पोराकडून खोट्या फॉर्मवर सही करून घ्यायची, त्याला काय शिकवतोय आपण.

दुसरा एक बेत असतो, बाबा न्यू जर्सीत नोकरीला राहणार आणि आई मुलांना घेऊन फ्लोरिडातल्या घरात जाणार. हा बेत खरा असेल तर चालू शकतो, बऱ्याच राज्यांत एका पालकाचं डोमिसाइल पुरतं. पण खरा म्हणजे काय, तर मुलं तिथल्या शाळेत, आईचं लायसन्स तिथलं आणि जुनं सरेंडर केलेलं, डॉक्टर तिथले, गाडी तिथली, टॅक्स रिटर्नमध्ये ज्या वर्षी हलली त्या वर्षी जुन्या राज्यात पार्ट-इयर रेसिडेंट म्हणून भरलेलं. सगळे कागद एकच गोष्ट सांगायला हवेत. फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नसल्याने तिथे रिटर्न दाखवायचा प्रश्न नाही, पण दुसऱ्या राज्यात तुम्ही जॉइंट रिटर्न पूर्ण वर्षाचे रेसिडेंट म्हणून भरला असेल तर तो कागद सगळं पाडतो. टॅक्सचे १८३ दिवस आणि फीचं डोमिसाइल यांचीही गल्लत करू नका. न्यू यॉर्कमध्ये कायम राहण्याजोगं घर असेल आणि वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस तिथे काढले तर राज्य तुम्हाला टॅक्सपुरतं रेसिडेंट धरू शकतं, तरी डोमिसाइल दुसरीकडे असू शकतं आणि सनीच्या (स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यू यॉर्कच्या) कॉलेजांची इन-स्टेट फी डोमिसाइल बघते. म्हणजे टॅक्स पूर्ण भरायचा आणि फीची सवलत नाही असंही होऊ शकतं.

आपल्या लोकांसाठी व्हिसाचा भाग वेगळा समजून घ्यायला हवा. एच-१बी (नोकरीचा व्हिसा), एच-४ (त्यांच्या कुटुंबाचा), एल-१ (कंपनीतल्या बदलीचा) वाल्यांना बऱ्याच राज्यांत, कॅलिफोर्निया आणि टेक्सास धरून, डोमिसाइल सिद्ध करता येतं, ग्रीन कार्डच हवं असं नाही. एफ-१ (विद्यार्थी) आणि जे-१ (एक्स्चेंज) वाल्यांना सहसा नाही येत. १९८२ मध्ये टोल विरुद्ध मोरेनो या खटल्यात सुप्रीम कोर्टाने मेरीलँडचा नियम रद्द केला, तिथे जी-४ व्हिसावरच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय संस्थांत काम करणाऱ्यांच्या, कुटुंबांना कितीही वर्षं राहिले तरी इन-स्टेट फी नाकारली जात होती, त्या निकालाचा आधार या सगळ्याला आहे. पण सेकंड होमच्या बाबतीत एच-१बी वाल्यांची एक अडचण असते जी कुणी बोलत नाही, तुमचा व्हिसा कामाच्या जागेला बांधलेला असतो, त्या महानगराच्या बाहेर कामाची जागा गेली की कंपनीला पिटिशन अमेंड करावं लागतं. त्यामुळे "चला, फ्लोरिडातल्या घरातून रिमोट काम करू" हे मनात आलं तरी आधी कंपनीच्या वकिलाशी बोलल्याशिवाय हलू नका. आणि एच-४ वरचं मूल २१ चं झालं की एच-४ संपतो, मग एफ-१ वर गेलं तर फीचा दर्जाही बदलू शकतो, म्हणजे शेवटच्या एक-दोन टर्मचं बजेट वेगळं ठेवावं लागतं.

याच्याच जोडीला, डोमिसाइलच्या पुराव्यांच्या यादीत व्होटर रजिस्ट्रेशन जवळपास सगळीकडे असतं. तुम्ही सिटिझन नसाल तर त्या वाटेला चुकूनही जाऊ नका, ग्रीन कार्ड असलं तरी नाही. डीएमव्हीत लायसन्स काढताना मतदार नोंदणी करायची का असं विचारतात, तिथे घाईत हो म्हणून टाकलं तर पुढे सिटिझनशिपच्या वेळी फार मोठं संकट उभं राहतं. बाकी कागद पुरेसे असतात, हा एक नसला तर केस पडत नाही.

कोर्टात जाऊन हे मोडता येईल का, असंही काही जण विचारतात. १९७३ च्या व्लॅंडिस विरुद्ध क्लाइन खटल्यात सुप्रीम कोर्टाने कनेक्टिकटचा नियम रद्द केला होता, तो नियम असा की अर्ज करताना बाहेरचा पत्ता असेल तर पूर्ण शिक्षण होईपर्यंत बाहेरचेच, मध्ये तुम्ही कितीही खरे रहिवासी झालात तरी सिद्ध करायची संधीच नाही. कोर्टाने म्हटलं, संधी द्यावी लागेल. पण त्याच निकालात हेही मान्य केलं की राज्याने आपल्या खऱ्या रहिवाशांना कमी फी लावणं योग्य आहे. आणि त्याच्या दोन वर्षं आधी मिनेसोटाची एक वर्षाची अटही कोर्टाने टिकवली होती. त्यामुळे टॅक्स भरतो म्हणून हक्क, हा मुद्दा कोर्टात चालेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

आता जिथे प्रॉपर्टी टॅक्स खरंच कामाला येतो ते सांगते, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांच्या कोर्सचं स्थानिक सरकारी कॉलेज. बऱ्याच राज्यांत कम्युनिटी कॉलेजला स्थानिक प्रॉपर्टी टॅक्समधून थेट पैसे जातात, तुमच्या टॅक्स बिलावर त्या कॉलेज डिस्ट्रिक्टची वेगळी ओळही दिसते. टेक्सासच्या कायद्यात तर स्पष्ट मुभा आहे की डिस्ट्रिक्टच्या बाहेर राहणारा पण डिस्ट्रिक्टमध्ये टॅक्स भरणारी मालमत्ता असणारा माणूस, किंवा त्याच्यावर अवलंबून असलेलं मूल, याला कॉलेजचं बोर्ड डिस्ट्रिक्टच्या आतल्या दराने शिकू देऊ शकतं. करायचंच असं बंधन नाही, ते बोर्डाच्या हातात आहे, त्यामुळे त्या त्या कॉलेजला टॅक्स बिल दाखवून विचारायचं. हा फरक डिस्ट्रिक्टच्या आत-बाहेरचा आहे, राज्याच्या आत-बाहेरचा प्रश्न त्याने आपोआप सुटत नाही, पण तुम्ही ह्यूस्टनच्या एका टोकाला राहता आणि दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये भाड्याचं घर आहे अशी परिस्थिती असेल तर विचारून बघायलाच हवं.

व्हर्जिनियात टॅक्स भरण्याला किंमत आहे, पण इन्कम टॅक्सला. राज्याबाहेर राहून व्हर्जिनियात निदान एक वर्ष पूर्ण वेळ नोकरी करणारा आणि तिथल्या कमाईवर व्हर्जिनियाला इन्कम टॅक्स भरणारा माणूस स्वतःसाठी किंवा डिपेंडंट मुलासाठी इन-स्टेट दर मागू शकतो. शेजारच्या मेरीलँडमधून रोज जाणाऱ्यांचा पगाराचा टॅक्स दोन राज्यांच्या करारामुळे मेरीलँडलाच जातो, त्यामुळे त्यांनी हे आधी तपासावं.

आणि घरापेक्षा शाळेला जास्त किंमत आहे हेही कळायला हवं. कॅलिफोर्नियात एबी ५४० कायद्याने, तीन वर्षं तिथल्या हायस्कूलमध्ये शिकून तिथूनच पास झालेल्या मुलाची जादा फी माफ होऊ शकते, आई-वडील नंतर दुसरीकडे गेले तरी, मात्र बहुतेक तात्पुरत्या व्हिसावाल्यांना हा कायदा लागू होत नाही. टेक्सासमध्येही तिथल्या हायस्कूलमधून पास व्हायच्या आधी ३६ महिने आणि सेन्सस डेटच्या आधीचं एक वर्ष तिथे काढलं असेल तर कायदेशीर दर्जा असलेल्या मुलांसाठी वेगळा मार्ग आहे. म्हणजे मूल दहावीत असताना नोकरी बदलून राज्य सोडायचा विचार असेल तर ते तिथून पास होईपर्यंत थांबण्याने काय मिळतं ते मोजून बघा.

हे काहीच बसत नसेल तर दुसऱ्या राज्यात स्वस्त शिकायचे सरळ मार्ग आहेत, आणि मला विचाराल तर सेकंड होमच्या कागदांमागे घालवायचा वेळ इकडे घालवावा. पश्चिमेकडच्या राज्यांत वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज आहे, त्यात भाग घेणाऱ्या कॉलेजांत इन-स्टेटच्या जास्तीत जास्त दीडपट फी लागते. मिडवेस्टमध्ये तसाच एक कार्यक्रम आहे, न्यू इंग्लंडमध्ये आणि दक्षिणेत ठरावीक कोर्ससाठी वेगळे आहेत. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन यांचा तर आपसात करारच आहे. यात सगळ्या युनिव्हर्सिटी नसतात, नावाजलेले मोठे कॅम्पस बऱ्याचदा बाहेर असतात, म्हणून कॉलेजची यादी करतानाच हे तपासायचं. फ्लोरिडाने २०२१ मध्ये एक वेगळी सोयही केली, आजी किंवा आजोबा फ्लोरिडाचे कायदेशीर रहिवासी असतील आणि नातवंडाचा एसएटी या प्रवेश परीक्षेचा स्कोअर वरच्या ११ टक्क्यांत असेल तर जादा फी माफ, पण पूर्ण राज्यात मिळून जागा ३५० च. पहिल्या पिढीतले जे आपले लोक आता रिटायर होऊन तिकडे कायमचे गेलेत त्यांच्या नातवंडांना याचा उपयोग होऊ शकतो.

काहीही करायचं ठरवलं तरी त्या युनिव्हर्सिटीच्या रेसिडेन्सी ऑफिसला ईमेलने विचारा, फोनवर नाही, म्हणजे उत्तर लेखी राहतं. बऱ्याच ठिकाणी हे काम ॲडमिशन ऑफिस किंवा रजिस्ट्रारकडे असतं आणि नॉर्थ कॅरोलिनात तर सगळ्या सरकारी कॉलेजांसाठी एकच मध्यवर्ती सेवा ते ठरवते. नाही म्हणाले तर अपील करता येतं, त्याची मुदत छोटी असते आणि कधी कधी टर्म सुरू झाल्यावर लगेच संपते, म्हणून डीड (घराचं खरेदीखत), बिलं, लायसन्स, रिटर्न, शाळेचे कागद हे सगळं तारखेसकट आधीच एका फोल्डरमध्ये लावून ठेवा.